अहवालातलं ते एक वाक्य काढा : सीमाभागातल्या पतसंस्थांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्या सहकारी पतसंस्था

सप्रेम नमस्कार.

सर्वसाधारण सभेचे दिवस आले. अहवालाची प्रुफं एव्हाना छापखान्यातून आली असतील. ताळेबंद, नफातोटा पत्रक, लाभांशाचा टक्का तुम्ही बारकाईने तपासाल. त्याच अहवालात शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आपल्यापैकी बऱ्याच संस्था एक वाक्य छापतात. ‘आमच्या अमुक कर्मचाऱ्याने वर्षभरात एकही रजा न घेता, वेळेचे भान न ठेवता संस्थेची सेवा केली, त्याबद्दल संचालक मंडळ त्यांचे अभिनंदन करीत आहे.’ मग सभेत त्या माणसाला शाल, श्रीफळ आणि टाळ्या मिळतात. ते वाक्य यंदा काढून टाका, ही विनंती करायला हे पत्र लिहीत आहे.

मी आपल्यातलाच. एका पतसंस्थेत ३२ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ वर्षं सचिव होतो. असली वाक्यं मीच लिहीत होतो. ओळीने सात वर्षं एकाच माणसाबद्दल लिहिली.

त्याचं नाव देत नाही. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेला, क्लार्क म्हणून लागला आणि पुढे अकौंटंट झाला. सकाळी साडेआठला शटर उघडायला भाऊ हजर, रात्री साडेआठला दिवे घालवून कुलूप लावणाराही भाऊच. रविवारी अर्धा दिवस यायचा, कारण ‘आठवड्याची राहिलेली टिपणं जुळवायची असतात’. कुठलंही काम घेऊन त्याच्या टेबलापाशी गेलात की उत्तर ठरलेलं, “ठेवा की हितं, बघतो.” आणि तो बघायचाही. त्याने हात लावलेल्या कामाची मला पुन्हा कधी चौकशी करावी लागली नाही. सचिवाला आणखी काय हवं असतं? मीही त्याच्यावर टाकत गेलो.

त्याची आई वारली त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट सांगतो. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयाकडून एक पत्र आलं होतं, उत्तर त्याच दिवशी पोचवायचं होतं आणि ते कन्नडमध्ये हवं होतं. कार्यालयाला शोभेल असं कन्नड आमच्या शाखेत एकट्या भाऊला लिहिता यायचं. आम्ही बाकीचे बाजारात बोलण्यापुरते. मी त्याला फोन लावला. तो मलप्रभेच्या काठावर होता, राख सावडून नुकताच पाण्यातून वर आलेला. मागून भटजींचा आवाज ऐकू येत होता. तो जरा थांबला आणि म्हणाला, “लिहून घ्या साहेब.” एकेक वाक्य तो सांगत गेला, मी ते कन्नड देवनागरीत उतरवून घेतलं, कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलं आणि पाचच्या आत पत्र पोचवलं. संध्याकाळी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की काम झालं. मला त्या वेळी बरंही वाटलं.

रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा कळलं की मी काय करून बसलोय. त्या माणसाच्या आयुष्यातला तो एक दिवस होता आणि मी त्यात संस्थेचं पत्र घातलं. त्याने नाही म्हटलं नाही म्हणून ते योग्य होतं, असं आजही मी स्वतःला सांगू शकत नाही.

पुढच्या दहा दिवसांत शाखेत काय काय अडलं ते आठवतंय. एक सभासद मुलीच्या लग्नासाठी तारण ठेवलेलं सोनं सोडवायला आला. पैसे भरून झाले आणि पाकीट सापडेना. स्ट्राँगरूमच्या दोन चाव्या नियमाप्रमाणे दोघांकडे होत्या, त्यात खोट नव्हती, पण पाकिटं कुठल्या क्रमाने लावलीत ते एकट्या भाऊच्या डोक्यात होतं. तो माणूस दोन तास बाकावर बसून राहिला. घरोघरी फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांचा मेळ तीन दिवस लागला नाही. जनरेटरचं डिझेल संपलं, ते कुठून कसं यायचं हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊशिवाय पान हलत नाही असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. हलत नाही म्हणजे नेमकं काय, ते त्या दहा दिवसांत बघितलं.

चौदाव्या दिवशी तो कामावर आला. त्या शनिवारी दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर मी त्याला समोर बसवलं, कोरा कागद घेतला आणि म्हटलं, “तू जे जे करतोस ते सांग, बारीक असलं तरी सांग, मी लिहितो.” त्याला आधी ते रुचलं नाही. “कशाला साहेब, चाललंय की नीट,” म्हणाला. पण सांगायला लागला तशी यादी लांबत गेली. ४१ कामं निघाली.

मग आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक कामापुढे ते त्याच्याकडे कुठून आलं ते लिहिलं. त्यातली ६ कामं त्याच्या पदाची होती. ५ अशी होती की दुसऱ्या कुणाला येतच नव्हती, आणि ती जवळजवळ सगळी कन्नड कागदपत्रांची. १३ कामं दुसऱ्या कर्मचाऱ्यांची होती, वर्षानुवर्षं सरकत सरकत त्याच्या टेबलावर आलेली. उरलेली १७ कामं संचालकांनी त्याला तोंडी सांगितलेली होती, थेट, मला न विचारता.

त्या सतरांपैकी काही वाचून दाखवतो, कारण हे पत्र मुख्यतः तेवढ्यासाठीच आहे. एका संचालकांच्या मेहुण्याचा उतारा काढून वारसा लावायचं काम. दुसऱ्यांच्या इन्कम टॅक्सचे कागद. शिवजयंतीच्या चित्ररथाचा गल्लीचा हिशोब. गणपती मंडळाची पावती पुस्तकं तपासून देणं. हिवाळ्यात गावात साहित्य संमेलन असलं की पाहुण्यांच्या राहण्याची सोय. दिनदर्शिका वाटप. एका संचालकांच्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाची फाइल, तीही दुसऱ्या बँकेतली. यातलं एकही काम वाईट नाही. संमेलनं, मंडळं, चित्ररथ यांच्यावर तर आपली भाषा इथे टिकून आहे आणि त्यांना हात लावणारा माणूस मला आवडतोच. पण प्रत्येक संचालकाला आपलं एकच काम दिसत होतं. सतरांची बेरीज एकट्या भाऊला दिसत होती, आणि तो ती कुणाला सांगत नव्हता.

मंडळींनो, आपल्या धंद्यात एका कर्जदाराला किती द्यायचं याची मर्यादा असते. माणूस कितीही सचोटीचा असो, हप्ता कधी चुकवलेला नसो, त्या मर्यादेपुढे तुम्ही जात नाही, कारण एकाच नावावर सगळं लावलं आणि तो बसला तर संस्था बसते. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी, १९०५ साली, इथून जवळच गदग भागातल्या कणगिनहाळ गावात देशातल्या पहिल्या काही पतसंस्थांपैकी एक उभी राहिली. तेव्हापासून आपल्या चळवळीचा पायाच हा की ओझं बऱ्याच खांद्यांवर वाटायचं. पैशाच्या बाबतीत आपण ते काटेकोर पाळतो. माणसाच्या बाबतीत मात्र जो न कुरकुरता घेतो त्याच्याच नावावर आपण वाढवत जातो, आणि वर्षाच्या शेवटी त्याला शाल घालतो.

तो का घेतो, हेही समजून घ्यायला हवं. ‘त्याला सवयच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. भाऊला नोकरी मिळाली ती एका संस्थापक संचालकांनी त्याच्या वडिलांना दिलेल्या शब्दावर. ते उपकार तो रोज थोडे थोडे फेडत होता. आपल्या संस्थांमधले निम्मे कर्मचारी असेच कुणाच्या ना कुणाच्या शब्दावर आलेले आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. अशा माणसाला तुम्ही फोन करून ‘जमेल का?’ विचारता तेव्हा त्याच्या कानाला तो प्रश्न वाटतच नाही. पुढे एकदा, बरीच ओळख मोकळी झाल्यावर, तो मला म्हणाला, “मी न्हाई म्हणायला लागलो तर मला कोण विचारतंय, साहेब?” त्याची किंमत त्याच्या होकारात आहे असं त्याला वाटत होतं. ते आम्हीच त्याला शिकवलं होतं, दर सप्टेंबरात, स्टेजवर बोलावून.

त्याच सुमारास संस्थेने सभासदांसाठी आरोग्य तपासणी शिबिर घेतलं. टेबलं भाऊने मांडली होती, नावं भाऊच लिहीत होता. शेवटी डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून दंडाला पट्टा बांधून घेतला तर रक्तदाब १७० वर ११०. तो म्हणाला, मशीन बिघडलंय. दुसऱ्या मशीनवरही तेच आलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास करणाऱ्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, आणि २०१६ या एका वर्षात असे ७ लाख ४५ हजार मृत्यू जगभर झाले, असं त्यात मांडलं आहे. भाऊचे तास मी मोजले तर ७० च्या घरात गेले. आपल्या राज्याचा दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचा १९६१ चा कायदा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो. आम्ही त्याच्याकडून कायद्याबाहेरचं काम घेत होतो आणि त्यालाच निष्ठा म्हणत होतो.

संस्थेचंही त्यात भलं होत नव्हतं. माझा पुतण्या इंजिनिअर आहे, त्याने मला रांगांचं गणित समजावून सांगितलं. कामं जशी येतील तशी एका माणसाकडे येत असतील आणि तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर काम करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ ते काम नुसतं वाट बघत पडतं. ९० टक्के गुंतलेला असेल तर नऊपट. ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. मी हे ऐकलं आणि मला भाऊच्या टेबलावरचा कन्नड पत्रांचा गठ्ठा दिसला. अर्ध्या तासाचं पत्र आठवडाभर का पडून राहतं हे कोडं मला वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं. माणूस आळशी नाही, उलट सगळ्यात कष्टाळू, आणि तरी उशीर त्याच्याच टेबलावर! तो कष्टाळू होता म्हणूनच तिथे उशीर होता.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. सगळं जमलं असा दावा नाही.

त्या १३ कामांपैकी पिग्मीचा मेळ मी पहिल्यांदा एका तरुण क्लार्ककडे दिला. आठवड्याने बघतो तर भाऊ सातनंतर बसून तोच मेळ पुन्हा लावतोय. विचारलं तर डोळ्यांत पाणी. “माझ्यावर इश्वास न्हाई काय, साहेब?” तेव्हा माझी चूक लक्षात आली. मी त्याच्या हातून काम काढून घेतलं होतं आणि त्या जागी त्याला काहीच दिलं नव्हतं. ज्याची सगळी इभ्रत कामात आहे त्याच्या पुढ्यातून काम उचललं की तो अपमानच असतो, तुम्ही कितीही गोड बोला. मग त्याच्या नावावर लेखी एक नवं काम टाकलं. चार महिन्यांत दोन मुलांना पिग्मीचा मेळ, सोनेतारणाची नोंद आणि नोटिसांचं कन्नड शिकवायचं. बढतीच्या शेऱ्यात मी लिहिणार ते यावर, की भाऊ नसताना किती कामं चालली. ते त्याला पटलं. शिकवायला बसला आणि असं शिकवलं की ती मुलं आजही त्याचं नाव काढतात.

तिसऱ्या महिन्यात त्यातल्या एका मुलाने मुदत ठेवीचं व्याज चुकीच्या तारखेपर्यंत काढलं. १,८४० रुपयांचा फरक. ठेवीदार काउंटरवर मोठ्याने बोलले आणि ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचली. दोन संचालकांचे मला फोन आले, ‘ते काम भाऊकडे परत द्या, प्रयोग पुरे झाले.’ सगळ्यात अवघड वेळ ती होती, आणि बहुतेक संस्था तिथेच माघार घेतात असं मला वाटतं. मी ठेवीदारांच्या घरी जाऊन माफी मागितली, फरक भरून दिला आणि काम त्या मुलाकडेच ठेवलं. शिकणारा माणूस चुकणार. भाऊसुद्धा १९९० च्या दशकात चुकला होता, फक्त तेव्हा त्याला सांभाळून घेणारे लोक होते.

कन्नडचं सांगायलाच हवं, कारण हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. निबंधक कार्यालय, तहसीलदार, कोर्ट, उतारे, सगळं कन्नडमध्ये चालतं, आणि आपले कर्मचारी मराठी शाळांतून आलेले. प्रत्येक मराठी संस्थेत असा एक तरी माणूस असतो ज्याला कार्यालयीन कन्नड लिहिता येतं, आणि तोच हळूहळू सगळ्या कामाचा खांब होतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल माझ्या भावना तुमच्यापेक्षा वेगळ्या नाहीत. पण निबंधकांच्या पत्राला उत्तर याच आठवड्यात द्यायचं असतं, आणि ते एकाच माणसाच्या पाठीवर टाकायचं हा काही भाषेचा अभिमान नव्हे. आम्ही तीन जणांना संध्याकाळी शिकवणी लावली आणि फी संस्थेने भरली. सात-आठ महिन्यांत दोघं साधी पत्रं लिहू लागले. नेहमीच्या पत्रांचे पंचवीसेक नमुने भाऊने एका फाइलीत लावून ठेवले, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. हे करायला आम्हाला वीस वर्षं का लागली, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता रजेबद्दल. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या एका परिपत्रकाने बँकांना, सहकारी बँकांनासुद्धा, असं सांगितलं की संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, आधी कल्पना न देता, आणि त्या दिवसांत त्याचा कामाशी प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन संबंध येऊ द्यायचा नाही. उद्देश गैरव्यवहार उघडकीला यावा हा. जो माणूस कधीच रजा घेत नाही त्याचं टेबल कधीच दुसऱ्याच्या नजरेखालून जात नाही, हे लेखापरीक्षणातलं जुनं शहाणपण आहे. आपण १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली, १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली किंवा २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्था, बँका नव्हे, त्यामुळे हे परिपत्रक आपल्याला बांधून घेत नाही. तरी ठराव करून ते स्वीकारायला कुणी अडवलेलं नाही.

मला त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. प्रामाणिक माणूस रजेवर गेला की संस्थेला कळतं की कुठली कामं एकाच डोक्यात आहेत. आणि नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे कुणाला संशयही वाटत नाही, उपकारही वाटत नाहीत. भाऊला मी आधी चार वेळा ‘रजा घे रे’ म्हटलं होतं, त्याने हसून टाळलं. सचिवापासून शिपायापर्यंत सगळ्यांना दहा दिवस, असा ठराव झाला तेव्हा तो गेला. तुमच्यातले बरेच जण शेतकरी घरचे. बेंदराला आपण बैलांचे खांदे मळतो आणि त्या दिवशी जू ठेवत नाही. जो जास्त ओढतो त्याला त्या दिवशीही थोडंसं जुंपावं, असं कुणाच्या मनात येत नाही.

एका मुलीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबाबत मी वेळेवर जागा झालो. भाऊकडून शिकलेल्यांतली ती एक. जांबोटी रस्त्यावरच्या गावातून यायची, अजून कायम व्हायची होती. सहा महिन्यांत तिने भाऊचीच वाट धरलेली मी बघितली. कुणीही काही दिलं की ‘हो सर’. दोनदा तिची शेवटची बस चुकली आणि भावाला मोटरसायकल घेऊन यावं लागलं. बैठकीत एक संचालक कौतुकाने म्हणाले, ‘पोरगी भाऊच्या वळणावर गेलीये.’ माझ्या पोटात खड्डा पडला. तेव्हापासून शाखेत मी विचारायची पद्धत बदलली. ‘जमेल का?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी, ‘आज हातात काय काय आहे? हे घ्यायचं तर त्यातलं कुठलं उद्यावर टाकूया?’ ज्याला नाही म्हणता येत नाही तोही या प्रश्नाला खरं उत्तर देऊ शकतो, कारण त्यात नकार द्यायचा नसतो, फक्त मोजून दाखवायचं असतं. पहिले पंधरा दिवस ती ‘काही नाही सर, होईल’ म्हणाली. मग एकदा म्हणाली, “सर, नोटिसा उद्या केल्या तर चालतील?” मला फार आनंद झाला.

काही माणसांना कामाची खरीच ओढ असते, हे मला मान्य आहे. त्यांचे पाय बांधा असं मी म्हणत नाही. भाऊला हिशोब जुळला की जे समाधान मिळायचं ते मी त्याच्या तोंडावर बघितलं आहे. ते त्याच्यापासून काढून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. पण मेहुण्याच्या उताऱ्यासाठी तहसीलदार कचेरीत तीन तास उभं राहण्यात त्याला कुठलं समाधान मिळत होतं? त्याला ज्या कामात गोडी होती तेच त्या सतरा कामांखाली दबून रात्री आठनंतर उरत होतं.

म्हणून तुमच्याकडे मागणी आहे, आणि ती फक्त तुम्हीच पूर्ण करू शकता. सचिव कितीही शहाणा असो, तुमचा फोन थेट कर्मचाऱ्याला गेला की त्याच्या हातात काही राहत नाही. संचालकांनी कर्मचाऱ्याला परस्पर काम सांगायचं नाही, संस्थेचं असो की घरचं, असा ठराव करा आणि इतिवृत्तात घ्या. काम सचिवांकडे येऊ दे, ते लिहून ठेवतील, कुणाकडे द्यायचं ते ठरवतील. खाजगी काम असेल तर बाहेर पैसे देऊन करून घ्या. ऐकायला कडू लागेल, पण तुमच्यापैकी कुणी मुद्दाम त्रास देत होतं असं मी म्हणत नाही. तुम्ही प्रत्येकाने एकेकच काम सांगितलं होतं. रात्री नऊनंतर कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या लागेल’ असे निरोप टाकणंही थांबवा. भाऊसारखा माणूस तो निरोप वाचून उद्याची वाट बघत नाही.

आणि सत्कार करायचाच असेल तर ज्याने दुसऱ्याला काम शिकवलं त्याचा करा. ज्या शाखेत सगळ्यांनी आपापल्या रजा घेतल्या आणि तरी ऑडिटला चांगला वर्ग मिळाला, त्या शाखेचं नाव अहवालात छापा.

भाऊच्या निवृत्तीला आता तीन वर्षं राहिलीत. गेल्या मे महिन्यात तो दहा दिवस गावी होता. पावसाळ्याआधी घराची कौलं परतून घेतली, वाकलेले दोन वासे बदलले. फोन घरात ठेवून दिवसभर छपरावर असायचा, असं त्याच्या मुलाने मला सांगितलं. शाखेत त्या दिवसांत ऑडिटचं एक पत्र दोन दिवस उशिरा गेलं. त्यावरून कुणी त्याला फोन केला नाही.

आम्ही केलेली ती ४१ कामांची यादी माझ्याकडे अजून आहे, नावं खोडून ठेवलेली. ज्या संस्थेला आपल्या शाखेत तशी यादी करायची असेल तिच्या सचिवांबरोबर बसायला मी येईन, मानधन नको. शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक संपल्यावर बसलेलं बरं. तोवर प्रुफं परत छापखान्यात जायच्या आधी ते पान एकदा काढून बघा.

आपला,
एक निवृत्त सचिव
बेळगाव